मोठ्या हॉस्पिटलला न्यायच्या आधी चिठ्ठी पूर्ण लिहून घ्या

नाशिकच्या सिडकोतल्या दादांनी लिहिलंय की वडिलांना जुनी शुगर आहे, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलंय, फॅमिली डॉक्टरांनी 'किडनीवाल्यांना दाखवा' एवढीच चिठ्ठी दिली आणि आता कुठे जायचं ते सुचत नाहीये. वाचून पोटात गोळा आला. आईच्या वेळी आमचं हेच झालं होतं, दुखणं फक्त हृदयाचं होतं.

मी डॉक्टर नाही, औषधोपचारातलं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण दादा, ती चिठ्ठी घेऊन निघू नका. परत जा आणि पूर्ण लिहून मागा: शुगर-बीपी किती वर्षांपासून, चालू गोळ्या डोससकट, कशाची अ‍ॅलर्जी, मधे दुखण्याच्या गोळ्या किती घेतल्या. क्रिएटिनिनचे जुने रिपोर्ट तारखांसकट लावा. किडनीचा त्रास जुना की अचानक आलेला, याचा पहिला अंदाज त्यावरूनच येतो. आईचा जुना ईसीजी आम्ही जपून ठेवला होता, पण तो कागद उष्णतेवर छापलेला असतो. वर्षभरात रेषा पुसट झाल्या, तिथल्या डॉक्टरांना काही दिसेना. ईसीजीची झेरॉक्स लगेच काढून ठेवत जा.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते सरकारच्या मोफत उपचार योजनेचं काउंटर. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. केशरी रेशनकार्ड आणि आधार हातात होतं, महात्मा फुले योजनेचं आम्ही आत शिरतानाच विचारलं होतं. रविवार होता, आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर कुणी नव्हतं. बिलिंगवाले म्हणाले, "आधी डिपॉझिट भरा, पेशंट अ‍ॅडमिट करू, योजनेचं उद्या बघू." आई स्ट्रेचरवर होती, भरलं. दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर उत्तर मिळालं, "कॅश पेशंट म्हणून नोंद झालीय, आता योजनेत बसत नाही." अँजिओप्लास्टी योजनेत होती, तरी सगळं बिल आम्ही भरलं, भावाने सोसायटीचं कर्ज काढून. आजही संताप येतो. दारात आलेल्या घाबरलेल्या माणसाला 'उद्या बघू' सांगायचं आणि उद्या नियम दाखवायचा, हा अन्याय आहे.

म्हणून भरती व्हायच्या आधी, शक्यतो घरूनच, 155388 वर फोन करून विचारा की हे हॉस्पिटल आणि हा उपचार योजनेत आहे का. तातडीच्या पेशंटसाठी फोनवर कळवून उपचार सुरू करायची सोयही आहे, काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. आमच्या वेळी मर्यादा दीड लाखाची होती, आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे आणि पांढरं कार्ड असलं तरी चालतं.

माझं मत विचाराल तर वडील हिंडते-फिरते असतील तर आधी शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात किडनीच्या ओपीडीला दाखवा. गर्दी असते, वेळ जातो, पण ते सरकारी आहे, दारात डिपॉझिटसाठी अडवत नाहीत. मात्र धाप लागत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा गुंगी येत असेल तर ओपीडीची वाट बघू नका, 108 बोलवा.

आणखी एक, सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी सांगितली तर डाय (तपासणीत नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, किडनीला ते त्रासदायक ठरू शकतं) देण्याआधी क्रिएटिनिनचा आकडा तुम्ही स्वतः तोंडाने सांगा. फाईलमध्ये आहे म्हणजे वाचलाय असं धरू नका. डिस्चार्जच्या वेळी सगळ्या कागदांच्या प्रती मागा. अर्ज केल्यावर 72 तासांत त्या द्याव्या लागतात, आणि एक संच तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेऊन द्या, पुढच्या गोळ्या तेच बघणार आहेत.