हिरडीवरची गाठ आणि पुढच्या तपासण्या

प्रश्न : दाढ हलते म्हणून माझ्या ४६ वर्षांच्या भावाने ती काढून घेतली, पण जखम भरण्याऐवजी तिथे मांसल गाठ उगवली आणि तीन आठवड्यांत सुपारीएवढी झाली. बायोप्सीच्या रिपोर्टात ‘कर्करोग आहे, प्रकार निश्चित नाही, आयएचसी (पेशींतली प्रथिने रंगवून पाहण्याची तपासणी) करावी’ असे आहे. त्यात एचआयव्हीची तपासणीही सांगितली. त्याने तंबाखूला कधी हात लावलेला नाही. हा वेळकाढूपणा तर नव्हे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग म्हटले की तंबाखू आणि मिश्रीच आठवते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींपैकी लसीकापेशींच्या कर्करोगाची, शक्यता तपासावीच लागते. त्यांपैकी प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा हा दुर्मीळ, आक्रमक प्रकार १९९७ मध्ये प्रथम वेगळा ओळखला गेला, तो तोंडातल्याच गाठींवरून. त्या पहिल्या १६ रुग्णांपैकी १५ जणांना एचआयव्हीची लागण होती. एचआयव्ही नसलेल्यांनाही तो होतो. त्यामुळे या तपासणीत भावाच्या वागण्यावर कोणताही संशय नाही.

साध्या रंगाच्या स्लाइडवर मोठ्या, ठळक केंद्रकाच्या पेशी दिसतात, आणि त्या कार्सिनोमाच्या (त्वचा-अस्तराच्या कर्करोगाच्या), लिम्फोमाच्या की मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या), हे अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. आयएचसीमध्ये पेशींवरची आणि पेशींतली प्रथिने रंगवून दाखवतात. खरी फसगत होते ती इथे : लिम्फोमा शोधताना नेहमी पाहिला जाणारा सीडी२० हा प्रथिन-खुणेचा रंग प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमात सहसा उमटतच नाही, आणि तेवढ्यावरच थांबले तर लिम्फोमा नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून प्लाझ्मा पेशींच्या खुणा असलेली सीडी१३८ व एमयूएम१ ही प्रथिने आणि पेशीविभाजनाचा वेग सांगणारा केआय-६७ पाहतात; या आजारात केआय-६७ बहुधा ९० टक्क्यांच्या पुढे जातो. गाठीच्या पेशींत एप्स्टाइन-बार विषाणू आहे का, हे पाहणारी ईबर चाचणी बऱ्याच रुग्णांत सकारात्मक येते. मायलोमाशी गल्लत होऊ नये म्हणून रक्तातील प्रथिनांची आणि अस्थिमज्जेची तपासणी, तर प्रसार कळण्यासाठी पेट-सीटी हे शरीराचे स्कॅन करतात. सीडी२० नसेल तर त्यावरच काम करणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाचा उपयोग होत नाही, तेव्हा उपचाराआधी प्रकार कळायलाच हवा.

सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड मात्र कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका; त्याने लिम्फोमाच्या पेशी मरतात आणि पुन्हा तुकडा काढावा लागला तर निदान हुकू शकते. पहिल्या बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) प्रयोगशाळेकडून आजच मागून घ्या. त्यात पुरेसा ऊतक असेल, तर आयएचसी त्यावरच होईल.