आधी अंदाज, मग मांडणी

बाळ,

फोन ठेवल्यापासून तुझं ८२४ भागिले ८ डोक्यातून जात नाही. अर्ध्या वर्गानं १०३ ऐवजी १३ लिहिलं आणि तू विचारतेस, पुस्तकातली उभी रीत सोडून गट काढत वजाबाकी करायची रीत धरू का? नुसती रीत बदलून हे सुटायचं नाही. ८०० चे ८ वाटे केले की वाट्याला १०० येतात, हे मांडणीआधीच ज्याला दिसलं त्याच्या हातून १३ उतरत नाही. उतरलं तरी तोच खोडतो. म्हणून पेन्सिल टेकण्याआधी अंदाज विचार. प्रत्येक गणिताला, रोज.

१३ येतात कुठून ते बघ. आठ एके आठ, भाग गेला. २ खाली घेतले, त्यात ८ जात नाहीत, म्हणून पोरानं लगेच ४ पण खाली ओढले. आठ त्रिक चोवीस. वर १ आणि ३, दशकाचं घर रिकामंच राहिलं. यावर आपण 'भाग जात नसेल तर शून्य लिहा' असं फळ्यावर लिहून मोकळे होतो. पोरं ते घोकतात आणि पुढच्या गणितात नको तिथं शून्य घालतात. त्यापेक्षा दोनच प्रश्न विचार: शंभराच्या वर जाईल का? दोनशे होतील का? घरी कन्नड बोलणारं पोर 'नूरू' म्हणालं तर फळ्यावर १०० लिही, भाषेवरून त्याला अडवू नकोस.

गट काढायची रीत मला आवडते, कारण तिथं अंदाज केल्याशिवाय हात हलत नाही. ९३६ भागिले ४ घे. २०० पट काढली, ८०० गेले, १३६ उरले. ३० पट, १२० गेले. १६ उरले, ४ पट. झाले २३४. एखादं पोर दहादहा पटीनं रांगत जाईल, जाऊ दे. पण महिनाभर रांगतच राहिलं तर थांबवून विचार, याहून मोठा गट निघेल का? मोठे गट काढता आले की उभी रीत समजावायला फार वेळ लागत नाही, आतली वजाबाकी तीच असते.

दोन अंकी भाजकाला तू घाबरतेस ते मला पटत नाही. २४ चा पाढा येत नाही तर येऊ नये! समासात १, २, ५, १० पट लिहून घे: २४, ४८, १२०, २४०. आता १००८ भागिले २४. १० पट २४०, तर ४० पट ९६०. उत्तर चाळिसाच्या जरा वर. उरले ४८, म्हणजे आणखी २ पट. ४२.

निपाणीकडे विड्या वळणाऱ्या घरातल्या पोरांना हजार विड्यांची २५-२५ ची ४० बंडलं होतात हे वही न उघडता माहीत असतं. तीच पोरं फळ्यावर १००० भागिले २५ दिसलं की गप्प बसतात. हे बघून माझा जीव जळायचा. घरी अंदाज करणारं डोकं शाळेत आल्यावर आपणच बंद करतो, दुसरं कोण?

भागून बाकी उरते तिथंही तेच. राजहंसगडाला ५० मुलं न्यायची, एका टमटममध्ये ८ बसतात. ६ आणि बाकी २ लिहून पोर मोकळं होतं. टमटम ७ लागतील हे त्याच्याकडून वदवून घे.

पोर्शन मागे पडेल म्हणतेस. माझाही पडायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गासमोर मला सुनावलंय. मी हटले नाही, आणि हटले नाही तेच योग्य होतं. मुलांना वाचता-मोजता येतं का हे बघणाऱ्या 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण चौथाई मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भाग देता आला. पोर्शन तर सगळीकडे पुरा होतच असेल ना गं? मग कुणासाठी पळायचं? खंत एवढीच की निवृत्त होताना हे पुढं चालवणारं कुणी त्या शाळेत मागे ठेवता आलं नाही. तुझ्यावर एवढी चिडते ती म्हणूनच.

सोमवारी नवीन काही घेऊ नकोस. ६१२ भागिले ६, ७४९ भागिले ७, १५३० भागिले ५, एवढी तीनच दे. आधी अंदाज लिहून घे, त्याखाली रेघ मारायला लाव, मग सोडवू दे. ज्यांचा अंदाज आणि उत्तर जुळत नाही त्यांच्या वह्या रविवारी घेऊन ये, आपण दोघी बसून बघू.

तुझी बाई