पदरमोड करून परदेशी रुग्णसेवा?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात पाच वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. चर्चमध्ये आवाहन झाल्यापासून आफ्रिकेतील एका मिशन रुग्णालयात तीन महिने विनावेतन काम करायचे तिने मनावर घेतले आहे. विमानभाडे आणि राहण्याजेवणाचा खर्चही तिचाच. राबायचेही तिने आणि पैसेही तिनेच भरायचे, हे आम्हाला पटत नाही. तिला अडवावे का?
– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक

उत्तर : अडवू नये, मात्र चौकशी कसून करावी. स्वयंसेवकाने स्वतःचा खर्च स्वतः करणे ही या क्षेत्रातील रूढ पद्धत आहे. रुग्णालय-जहाजे चालवणाऱ्या, 1978 साली स्थापन झालेल्या ‘मर्सी शिप्स’ या ख्रिस्ती संस्थेतही रुग्णावरील शस्त्रक्रिया मोफत होते आणि तेथे काम करणारे स्वयंसेवक आपल्या राहण्याचा खर्च सहसा स्वतः भरतात. दात्यांचा पैसा रुग्णाकडे जावा, एवढाच त्यामागचा हिशोब. भरलेल्या रकमेत काय येते, विमा आहे का आणि आजारी पडल्यास परत आणण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र लेखी घ्यावे.

पैशांपेक्षा मला तीन महिन्यांच्या मुदतीची काळजी अधिक वाटते. अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर सिझेरियन न मिळाल्याने होणारा फिस्टुला, म्हणजे मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये पडणारे छिद्र, घ्या. या आजारात लघवी सतत गळत राहते आणि ती बाई घरादाराला नकोशी होते. शस्त्रक्रिया काही तासांत उरकते, परंतु त्यानंतर दोनेक आठवडे लघवीसाठी बसवलेली नळी (कॅथेटर) तुंबू न देता सांभाळावी लागते, आणि टाके टिकतात की नाही हे बहुतांशी त्या शुश्रूषेवर ठरते. म्हणून आपण निघून गेल्यावर हे काम कोण करणार, स्थानिक परिचारिकांना शिकवण्याची सोय आहे का, हे मुलीने पहिल्याच पत्रात विचारावे. उत्तर गुळमुळीत आले, तर दुसरे रुग्णालय शोधावे.

पाहुणा डॉक्टर दारी आला की काय होते, हे आपण महाराष्ट्रातच पाहिले आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस 1889 साली भारतात आले आणि 1928 पर्यंत राहिले. मिरजेचे रुग्णालय नावारूपाला आले ते त्यांनी इथल्याच तरुणांना हाताशी धरून शिकवल्यामुळे. तीन महिन्यांत वॉनलेस होता येत नाही, पण निर्जंतुकीकरणाची शिस्त चार जणींच्या अंगी बाणवता येते, आणि थिएटरमध्ये पाच वर्षे काढलेल्या मुलीला ते नक्की जमेल.

(आपण राहता त्या शरणपूरचा आफ्रिकेशी संबंध जुनाच आहे. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात येथील मिशनमध्ये शिकली. त्यांतील जेकब वेनराइट हा डॉक्टर-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवाबरोबर 1874 साली थेट लंडनपर्यंत गेला.)

धर्मप्रसाराची अट आहे का, हेही आधीच विचारावे. उपचार आणि प्रार्थना यांची सांगड रुग्णावर लादली जात असेल, तर माझ्या मते तेथे जाऊ नये.

कागदपत्रांपैकी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असावी आणि त्या देशात काम करण्याची तात्पुरती परवानगी रुग्णालयाने मिळवून द्यावी. देश पीतज्वराच्या (यलो फीव्हर) पट्ट्यातला असेल, तर सरकारमान्य केंद्रावर प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी लस घ्यावी. परतताना प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. तेव्हा ते पासपोर्टमध्येच ठेवायला सांगा.