रंगीत ठिपक्यांनी पोट भरतं का?

प्रश्न: मुलगी बी.एस्सी. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, 71 टक्के आहेत. सुट्टीत गावच्या शाळेत लॅपटॉपवर भूकंपाचे नकाशे दाखवून शिकवते, पुढेही हेच करायचं म्हणते. मी राज्यसेवेचा क्लास लावलाय, लॅपटॉप कपाटात ठेवलाय. भूकंप आधी सांगता येणार असेल तर ठीक. नुसत्या रंगीत ठिपक्यांनी पोट भरतं का? – एक वडील, पाटण तालुका

उत्तर: पत्रात तुमचा राग आहे, तुमची काळजीही आहे. मुलीचं म्हणणं मात्र तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलंत. मला टक्क्यांची चिंता नाही, त्या कपाटाची आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीचं कामाचं साधन कुलुपात ठेवणं याला मी शिस्त म्हणणार नाही. राज्यसेवेला लाखो मुलं बसतात आणि जागा शेकड्यांत निघतात. मन नसताना तिथे बसवलेल्या मुलांची उमेदीची तीन-चार वर्षं जातात आणि घरातलं बोलणंही बंद होतं. हे मी फार घरांत पाहिलंय.

आता तुमचा गैरसमज. भूकंप कोणत्या दिवशी होणार, हे आज जगात कुणालाच सांगता येत नाही. तो कुठे होतो, हे मात्र नकाशा सांगतो; त्यावरचा एकेक ठिपका म्हणजे होऊन गेलेला एकेक भूकंप. तुमच्याच तालुक्याचं बघा. कोयना धरणात 1962 पासून पाणी साठू लागलं आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा धक्का बसून कोयनानगर उद्ध्वस्त झालं. छोटे धक्के अजून बसतात, पण ते महाराष्ट्रभर विखुरलेले नाहीत. बहुतेक सगळे साधारण 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यात आणि फार खोल नाहीत. 1985 मध्ये जवळच्या वारणा धरणात पाणी साठायला लागलं, पुढे त्या अंगालाही ठिपक्यांची गर्दी झाली. सातवीतल्या मुलाला त्या गर्दीत आपलं गाव सापडलं की तो घरी येऊन विचारतो, आपली भिंत कशाची आहे? किल्लारीत 1993 साली जड दगडमातीच्या घरांखालीच हजारो माणसं गेली. तुमची लेक तो प्रश्न मुलांच्या तोंडी आणते, आणि तुम्ही त्याला नुसते ठिपके म्हणता.

तिलाही एक सांगणं आहे. नकाशा रंगवता आला म्हणजे विषय आला असं नाही. भूकंपांच्या यादीत कितीतरी धक्क्यांची खोली बरोबर 10 किलोमीटर दिसते. ती मोजलेली नसते. खोली नक्की ठरवता आली नाही की तो आकडा धरून चालतात. जमिनीचा उभा छेद काढला की तिथे ठिपक्यांची सपाट रेघ उमटते आणि मुलं तिलाच प्रस्तरभंग, म्हणजे जिथे खडक सरकतात ती जमिनीतली भेग, समजतात. ही रेघ खोटी का, हे वर्गात समजावता यायला हवं. त्यासाठी भूकंपलहरींचं गणित आणि थोडं पायथन (संगणकाला सूचना देण्याची भाषा) पक्कं कर.

वाटा नेहमीच्याच आहेत: जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., नंतर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा किंवा प्राध्यापकी-संशोधनासाठीची नेट. शाळेतच शिकवायचं असेल तर बी.एड. आणि शिक्षक भरतीच्या परीक्षा. पगाराची नोकरी यांतून मिळते, पण शिक्षक भरती वर्षानुवर्षं रखडते, हेही तिने धरून चालावं.

लॅपटॉप आजच परत द्या. क्लासचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. आणि मला तिलाच लिहायला सांगा, कारण तिला शाळेत शिकवायचंय की भूकंपांवर संशोधन करायचंय, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही, आणि एम.एस्सी. आधी की बी.एड. हे त्यावरच ठरेल.