वडिलांच्या डोळ्यातल्या पडद्याला मधुमेहामुळे सूज आहे, स्वस्त इंजेक्शन चालेल का?

स्वस्त म्हणजे बहुतेक बेव्हासिझुमॅब. मुळात ते आतड्याच्या कर्करोगाचं औषध. डोळ्यासाठी त्याचे छोटे डोस वेगळे भरतात, तेव्हा ते निर्जंतुक जागी भरलंय ना, एवढं नक्की विचारा. अमेरिकेत मधुमेही सुजेवर तीन औषधांची तुलना झाली, निकाल २०१५ साली आला: नजर थोडीच उतरली असेल तर तिन्ही सारखीच. नजर ६/१५ किंवा त्याहून वाईट (म्हणजे खालचा आकडा १५ किंवा जास्त) असेल तर पहिल्या वर्षी महागडं अफ्लिबरसेप्ट सरस. म्हणून बाबांच्या कागदावरचा आकडा आधी बघा.

खरी गोची वेगळीच. एका सुईने भागत नाही, सुरुवातीला दर महिन्याला जावं लागतं. आमच्या मामांनी चवथीच्या गडबडीत दोन चुकवली, सूज परत! दुसरं मत हवं तर गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवा.