तिसऱ्यांदा नीट की पापलेटची गाबोळी?

प्रश्न : आम्ही सातपाटीचे कोळी. मुलीने दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही. आता मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन माशांच्या प्रजननाचा अभ्यास करायचा म्हणते. मासळीतून सुटावी म्हणून शिकवलं, लोकांना काय सांगू? एकेक पापलेट लाखभर अंडी घालतं, त्यात शिकायचं काय? पुन्हा बसवू का? – एक वडील

उत्तर : बसवू नका. तुमच्या पत्रात मुलीचे मार्क नाहीत, तिची आवड एका ओळीत उरकलीय, लोकांची काळजी मात्र आहे. दोन वर्षं तिची गेली, लोकांची नाही. आणि सुटका टोपलीपासून हवी होती की दर्यापासून, हे आधी ठरवा.

आता ती लाखभर अंडी. त्यातली बहुतेक पिल्लं होण्याआधीच संपतात, म्हणून तर इतकी घालावी लागतात. एकदाही अंडी न टाकलेली मादी जाळ्यात आली की तिचा हिशेब शून्य. त्यामुळे पहिला प्रश्न असतो, निम्म्या माद्या किती लांबीला पक्व होतात? त्यासाठी वर्षभर दर महिन्याला मासे मोजायचे, पोट उघडून गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, तोलायची, तिची अवस्था नोंदवायची. घोटाळा इथेच होतो. अंडी टाकून झालेल्या मादीची आक्रसलेली गाबोळी कोवळ्या मादीसारखीच दिसते. तिला अपक्व धरलं की पक्वतेची लांबी उगाच फुगते. म्हणून शंकेची गाबोळी फॉर्मालिनमध्ये ठेवून तिचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नुसते बाजारातले मासे मोजूनही भागत नाही. मोठ्या आसाच्या, म्हणजे मोठ्या भोकांच्या, जाळ्यातून लहान मासे आधीच निसटलेले असतात, आणि 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत नमुनेच मिळत नाहीत.

जाळ्याचा आस, बंदीचा काळ, पकडायचा किमान आकार ठरवताना हीच माहिती लागते. 2023 मध्ये राज्याने 54 जातींना किमान आकार लावला. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. डोलीच्या जाळ्यात येणारी कोवळी पापलेटं काय भावाने जातात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

वाट सरळ आहे : शिरगाव (रत्नागिरी), नागपूर किंवा उदगीरला चार वर्षं बी.एफ.एससी. (मत्स्यशास्त्राची पदवी), मग एम.एफ.एससी. (पदव्युत्तर); मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहेच. नुसत्या प्राणीशास्त्राच्या बी.एस्सी.ला घालू नका, एम.एफ.एससी.च्या बहुतेक जागांना बी.एफ.एससी.च लागते. सरकारी जागा थोड्या असतात, हेही तिला आत्ताच सांगा. आणि महिनोन्‌महिने माशांची पोटं उघडून तक्ते भरायचा कंटाळा येईल का, ते विचारा. येणार असेल तर त्याच पदवीतून मत्स्यसंवर्धनाकडे (मत्स्यशेतीकडे) किंवा मासळी प्रक्रियेकडे वळता येतं.