नवीन जाळं पाण्यात टाकण्याआधी

मासेमारीचा परवाना हातात आला की आधी त्यावरच्या अटी नीट वाच. सगळ्यात जास्त चुका आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या एकेका भोकाच्या, मापात होतात. जाळं ओलं कर, आस ताणून धर आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर मोज. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. आस बारीक निघाला तर एकदाही अंडी न घातलेली पिल्लं अडकतात आणि पुढच्या हंगामाचा मासाच संपतो. विणीच्या काळातली बंदी त्यासाठीच असते, ती मनापासून पाळ.

बोयावर, म्हणजे जाळ्याची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेवर, परवाना क्रमांक ठळक लिही. उन्हाळ्यात जाळं लवकर उचल, गरम पाण्यात अडकलेला मासा लवकर मरतो. आणि जाळं हरवलं तर लपवू नकोस, कळव. नायलॉन कुजत नाही, तळाशी ते वर्षानुवर्षं मासे मारत राहतं.